अदोनीराम जडसन : वाट पाहणाऱ्या सेवकाचें चरित्र

ब्रह्मी भाषेंत संपूर्ण पवित्र शास्त्र ज्यांनीं उतरविलें त्या रेव्ह. अदोनीराम जडसनसाहेबांचें नांव आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस अगदींच अपरिचित नसेल. त्यांच्या तुरुंगवासाची हकीकत रविवारच्या शाळेंत पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असते. परंतु बेड्यांची गोष्ट सांगण्याच्या भरांत त्या अगोदरचीं सहा वर्षें, ज्यांत सांगण्यासारखें फारसें कांहीं घडलें नाहीं, तीं सांगणारा पटकन् ओलांडून जातो. माझ्या मतें या पुरुषाची खरी परीक्षा त्या सहा वर्षांतच झाली. म्हणून वाचकांची परवानगी घेऊन मी तेथें अंमळ अधिक थांबणार आहें.

अदोनीराम हें नांव पवित्र शास्त्रांतलेंच आहे. शलमोन राजाच्या बिगारी कामावरील अंमलदाराचें तें नांव होतें. जडसनसाहेबांच्या वडिलांचेंही नांव हेंच. ते अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं पाळक होते. मुलाचा जन्म माल्डन गांवीं ९ ऑगस्ट १७८८ रोजीं झाला. मुलगा विलक्षण बुद्धीचा निघाला आणि ब्राउन विद्यापीठांतून १८०७ सालीं पहिल्या नंबरानें बाहेर पडला. परंतु तेथेंच एका हुशार मित्राच्या संगतीनें बापाच्या धर्मावरील त्याचा विश्वास उडाला होता. पुढें एके रात्रीं वाटेंतील एका उतारशाळेंत तो मुक्कामास राहिला असतां शेजारच्या खोलींत कोणी आजारी मनुष्य रात्रभर कण्हत होता. सकाळीं चौकशी करितां तो वारल्याचें कळलें, आणि नांव विचारतां तें त्याच मित्राचें निघालें. हा धक्का त्याला घरीं घेऊन गेला. १८०८ सालीं तो ॲन्डोव्हरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेंत दाखल झाला, आणि दोन वर्षांच्या आंत परदेशीं शुभवर्तमान नेण्याचा त्याचा निश्चय झाला.

६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम शहरीं पांच तरुणांस एकत्र दीक्षा देण्यांत आली. त्यांपैकीं एक जडसन. दुसरे गॉर्डन हॉल, ज्यांच्या मुंबईस येण्यापासून मराठी मुलखांतील अमेरिकन मिशनचा आरंभ होतो. एकाच दिवशीं, एकाच ठिकाणीं ज्यांच्या मस्तकांवर हात ठेवले गेले त्यांतील एक ब्रह्मदेशाच्या वांट्यास गेले आणि एक आमच्या. हॉलसाहेब तेरा वर्षें मुंबईंत झटले आणि १८२६ च्या मार्चांत नाशिककडील फेरींत पटकीच्या रोगानें वारले. त्यांच्या डोळ्यांदेखत मराठी मंडळी उभी राहिली नाहीं. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण वाट पाहणाऱ्या प्रत्येकास फळ डोळ्यांनीं दिसतेंच असें नाहीं.

दीक्षेच्या आदल्या दिवशीं जडसनसाहेबांचा ॲन हॅसेल्टाइन या तरुणीशीं विवाह झाला होता. दोघें त्याच महिन्यांत जहाजावर चढलीं आणि जूनमध्यें कलकत्त्यास पोहोंचलीं. प्रवासांत शास्त्राचा अभ्यास करितां करितां बाप्तिस्म्याविषयीं त्यांचें मत बदललें, आणि ६ सप्टेंबर १८१२ रोजीं त्यांनीं बुडवून बाप्तिस्मा घेतला. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. इतकेंच सांगतों कीं, ज्या मंडळानें त्यांना पाठविलें त्याच्याकडून मिळणारा पोटाचा आधार त्यामुळें त्यांनीं आपण होऊन सोडला, आणि दुसरा आधार अजून उभा राहिलेला नव्हता. शिवाय कंपनी सरकारनें त्यांना हिंदुस्थानांत राहूं दिलें नाहीं. मॉरिशस बेटावरून मद्रासेस, आणि मद्रासेहून जें जहाज प्रथम मिळालें त्यावर बसून १३ जुलै १८१३ रोजीं तीं रंगूनला उतरलीं. त्या शेवटल्या प्रवासांत ॲनबाईंस पहिलें मूल झालें, तें मृतच. ती स्वतः इतकी अशक्त झाली होती कीं, तिला उचलून किनाऱ्यावर न्यावें लागलें.

त्या वेळीं ब्रह्मदेशावर तेथल्याच राजाचें स्वतंत्र राज्य होतें, आणि प्रजेनें आपला धर्म सोडणें हा राजाचाच अपमान समजला जाई. श्रीरामपूरच्या कॅरीसाहेबांचे चिरंजीव फेलिक्स यांचें रंगूनला घर होतें, तेथें या दोघांस आसरा मिळाला. पुढें लवकरच फेलिक्स राजाच्या नोकरींत गेले आणि हीं दोघें एकटीं उरलीं. भाषा शिकविण्यास जो पंडित मिळाला त्यास इंग्रजीचा गंध नव्हता. वस्तूकडे बोट दाखवावें, त्यानें नांव सांगावें, आणि तें लिहून घ्यावें, असा क्रम सुरू झाला. पुस्तकें ताडाच्या पानांवर कोरलेलीं. शब्दाशब्दांत जागा सोडलेली नाहीं, सगळी ओळ एका शब्दासारखी सलग. आमच्याकडील जुन्या पोथ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस याची थोडी कल्पना येईल. ॲनबाई बाजारहाट व गडीमाणसें यांच्याशीं बोलत असल्यामुळें बोलण्यांत नवऱ्याच्या पुढें गेली. साहेब मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत पंडिताशेजारीं मेजाशीं बसत. डोळे व डोकें दुखून कित्येक महिने वाचन बंद ठेवावें लागलें, तरी मेज सुटलें नाहीं.

१८१५ च्या सप्टेंबरांत त्यांना मुलगा झाला. आठ महिन्यांचा होऊन तो वारला. घराच्या आवारांतच त्यास पुरलें. आईबापांस मराठींत काय किंवा ब्रह्मींत काय, अशा वेळीं बोलण्यास शब्द नसतात. दुसऱ्या दिवशीं पंडित आला आणि धडा पुढें चालू झाला असेल, एवढेंच मी मनाशीं म्हणतों.

या काळांत अमेरिकेंतून एक प्रश्न येऊं लागला, आणि तो आमच्या उपदेशकांस चांगला ओळखीचा आहे. किती जणांनीं बाप्तिस्मा घेतला? त्यांच्याबरोबर दीक्षा घेतलेले ल्यूथर राइस स्वदेशीं परत जाऊन मंडळ्यांतून पैसा गोळा करीत होते, आणि १८१४ सालीं फिलाडेल्फियांत त्यासाठीं नवी संस्थाही स्थापन झाली होती. देणाऱ्यांस उत्तर काय द्यावें? जडसनसाहेबांनीं १८१६ च्या ऑगस्टांत राइससाहेबांस जें पत्र लिहिलें त्याचा आशय असा : लोकांस धीर धरावयास सांगा. देव सर्वसमर्थ व विश्वासू आहे, तो आपलीं वचनें पुरीं करील, यापलीकडे आज दाखविण्यास आमच्याजवळ कांहीं नाहीं. यावर कोणाचें समाधान होत नसेल तर त्यांनीं आपली भाकर आमच्यावर खर्च करूं नये, परंतु आम्हांस येथें राहूं द्यावें. आणि आम्ही वीस-तीस वर्षें जगलों तर त्यांनीं पुन्हा एकदां इकडे नजर टाकावी.

या पत्रांत आशेचे मोठमोठे शब्द नाहींत. खोटी गोडी लावलेली नाहीं. पुढल्या सालीं चार माणसें नक्कीच येतील असेंही लिहिलेलें नाहीं. अहवालांत बाप्तिस्म्याच्या रकान्यांत पूज्य लिहितांना ज्या उपदेशकाचा हात जड होतो त्यानें हें पत्र आठवावें. जडसनसाहेबांचा रकाना त्या वेळीं तीन वर्षें रिकामा होता आणि आणखी तीन वर्षें रिकामाच राहणार होता.

मात्र कोणी असें समजूं नये कीं, या काळांत ते हात जोडून स्वस्थ बसले होते. त्यांनीं ब्रह्मी भाषेचें व्याकरण लिहिलें, धर्माची एक लहान पत्रिका लिहिली. १८१६ मध्यें श्रीरामपूरहून छापखाना मिळाला आणि तो चालविण्यास अमेरिकेहून हफसाहेब आले. १८१७ मध्यें मत्तयकृत शुभवर्तमान ब्रह्मी भाषेंत छापून निघालें. वाचणारा एकही ख्रिस्ती नव्हता, तरी पुस्तक तयार झालें. शेतकरी पाऊस पडल्यावर नांगर दुरुस्त करावयास बसत नाहीं.

१८१७ च्या डिसेंबरांत साहेब चितागांवास निघाले. तिकडे आराकानी ख्रिस्ती होते, त्यांतील एखादा साहाय्यक आणावा असा हेतु. बारा-पंधरा दिवसांचा प्रवास म्हणून निघालेलें जहाज वाऱ्यानें भलतीकडे गेलें, आणि ते मद्रास इलाख्याच्या किनाऱ्यास लागले. तेथून परतण्यास जहाज मिळेना. रंगूनला कित्येक महिने त्यांची कांहींच खबर नव्हती. इकडे गांवांत पटकी सुरू झाली, इंग्रजांशीं लढाई होणार अशी आवई उठली, आणि बंदरांतील जहाजें एकामागून एक निघून जाऊं लागलीं. हफसाहेबांनीं कलकत्त्यास जाण्याचें ठरविलें. ॲनबाईही १८१८ च्या जुलैंत सामानासह त्यांच्याबरोबर जहाजावर चढली. परंतु नदींत असतांच जहाजांत दोष आढळून तें थांबलें, आणि बाईनें आपलें सामान उतरवून घेतलें व ती एकटी घरीं परत आली. पतीचें बरेंवाईट कळेपर्यंत जागा सोडावयाची नाहीं, असें तिनें ठरविलें. थोड्याच दिवसांनीं, ऑगस्टच्या आरंभीं, साहेब रंगूनला पोहोंचले. ती गेली असती तर त्यांना रिकामें घर सांपडलें असतें. पत्नीच्या धीराची गोष्ट पतीच्या चरित्रांत एका ओळींत उरकण्याची चाल आहे. मला ती बरी वाटत नाहीं.

१८१९ च्या एप्रिलांत त्यांनीं मोठ्या पागोड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक झयात बांधली. झयात म्हणजे आमच्या धर्मशाळेसारखी जागा. बांबूची उभारणी, वर गवताचें छप्पर, येणाऱ्याजाणाऱ्यानें टेकावें आणि बोलावें. जडसनसाहेब तेथें दिवसभर बसूं लागले. पुष्कळ आले, कांहीं वाद घालून गेले, कांहीं हंसून गेले. एप्रिलच्या अखेरीस एक मनुष्य आला. त्याचें नांव मौंग नौ. तो फारसें बोलला नाहीं, म्हणून साहेबांस त्याची विशेष आशा वाटली नव्हती. तो दुसऱ्या दिवशीं पुन्हा आला, मग पुन्हा आला. २७ जून १८१९, रविवार, या दिवशीं जवळच्या एका तळ्यांत, ज्याच्या कांठीं गौतम बुद्धाची प्रचंड मूर्ति होती, त्याला बाप्तिस्मा देण्यांत आला. रंगूनला उतरल्यास सहा वर्षें पुरीं होण्यास सोळा दिवस कमी होते.

त्याच नोव्हेंबरांत आणखी दोघांनीं बाप्तिस्मा घेतला, परंतु राजभयानें सूर्यास्ताच्या सुमारास. भय खरें होतें. म्हणून जडसनसाहेब व त्यांचे नवे सोबती कोलमन नदीनें महिनाभर प्रवास करून १८२० च्या जानेवारींत नव्या राजाच्या दरबारीं गेले आणि प्रजेस ख्रिस्ती होण्याची मोकळीक मागितली. राजानें अर्ज वाचून परत दिला, पत्रिकेच्या दोन ओळी वाचल्या आणि ती जमिनीवर टाकली. दोघे निराश होऊन परतले. रंगून सोडावें आणि चितागांवाकडे इंग्रजी अमलांत जावें, असा त्यांचा विचार ठरत आला.

तेव्हां जें घडलें त्यासाठीं मी हें चरित्र सांगत आहें. ज्यांच्यासाठीं सहा वर्षें वाट पाहिली ते तिघे आतां गुरूला धीर देऊं लागले. त्यांनीं विनविलें कीं, निदान आठ-दहा शिष्य होईपर्यंत थांबा. मग त्यांतील एकास आमच्यावर शिक्षक नेमून खुशाल जा. मरणाची शिक्षा झाली असती ती त्या तिघांस, साहेबांस नव्हे. आणि थांबा असें तेच म्हणत होते. जडसनसाहेब थांबले. कोलमनसाहेब एकटे चितागांवाकडे गेले. १८२२ पर्यंत रंगूनच्या मंडळींत अठरा जण झाले, आणि १८२३ च्या जुलैंत नव्या कराराचें भाषांतर संपलें.

तुरुंगाची हकीकत आतां थोडक्यांत सांगतों. १८२४ सालीं इंग्रज व ब्रह्मी राजा यांच्यांत युद्ध जुंपलें. त्या वेळीं जडसन दंपती राजधानी आवा येथें राहावयास गेलीं होतीं. ८ जूनला हेर समजून साहेबांस पकडून नेलें. तुरुंगांत खिडकी नाहीं, पायांत बेड्यांच्या तीन जोड्या. रात्रीं कैद्यांच्या पायांमधून बांबू घालून तो वर ओढीत, म्हणजे खांदे तेवढे जमिनीस टेकत. ॲनबाई दोन मैल चालून अन्न घेऊन येई आणि अधिकाऱ्यांच्या दारोदार विनवण्या करीत फिरे. १८२५ च्या जानेवारींत तिला मुलगी झाली. मे महिन्यांत भर उन्हांत कैद्यांस अनवाणी दुसऱ्या गांवीं हांकलीत नेलें, तेव्हां साहेबांच्या तळपायांचीं सालटीं निघालीं. वाटेंत दुसऱ्या एका कैद्याच्या बंगाली नोकरानें आपल्या डोक्याचें पागोटें फाडून अर्धें धन्यास आणि अर्धें जडसनसाहेबांस पाय बांधावयास दिलें. पुढें ॲनबाई तापानें अंथरुणास खिळली आणि तिचें दूध आटलें. तेव्हां तुरुंगाच्या रखवालदारास कांहीं देऊन साहेब बेड्यांसह गांवांत फिरत आणि अंगावर पाजणाऱ्या बायांच्या दारीं उभे राहून मुलीसाठीं दूध मागत. त्या बाया पाजीत.

नव्या कराराचें तें हस्तलिखित कोठें होतें, हें वाचकांच्या मनांत आलेंच असेल. बाईनें प्रथम तें घराखालीं जमिनींत पुरलें. मग पावसानें कुजेल म्हणून एका ओबडधोबड उशींत शिवून साहेबांकडे दिलें. इतकी वाईट उशी कोणी चोरणार नाहीं, असा बेत. कैदी हलविले तेव्हां पहारेकऱ्यांनीं वरची चटई काढून घेतली आणि आंतला कापसाचा गोळा निरुपयोगी म्हणून फेंकून दिला. मौंग इंग नांवाच्या एका ख्रिस्ती शिष्यानें धन्याची आठवण म्हणून तो गोळा उचलून घरीं नेला. आंत काय आहे तें त्यास ठाऊक नव्हतें. कित्येक महिन्यांनीं त्यांत तें लिखाण जसेंच्या तसें सांपडलें.

१८२६ च्या फेब्रुवारींत सुटका झाली. रंगूनला परत येऊन पाहतात तों त्या अठरांतील बहुतेकांची पांगापांग झालेली. त्याच वर्षीं, साहेब सरकारी कामासाठीं आव्यास गेले असतां, २४ ऑक्टोबरला ॲम्हर्स्ट येथें ॲनबाई वारली. पुढें सहा महिन्यांनीं मुलगीही गेली. तीच मुलगी, जिला गांवच्या बायांनीं दूध पाजलें होतें.

यानंतरचा काळ कित्येक चरित्रकार झांकून टाकतात. मला तो झांकण्याचें कारण दिसत नाहीं. जडसनसाहेबांनीं रानांत एक झोंपडी बांधली, आपल्यासाठीं एक थडगें खणलें, आणि ते त्याच्या कांठावर बसून राहत. ॲनबाईच्या मृत्यूस तीन वर्षें झालीं तेव्हां त्यांनीं लिहिलें त्याचा भाव असा कीं, देवावर विश्वास आहे, परंतु तो सांपडत नाहीं. ज्या मनुष्यानें देवाच्या वचनांखेरीज दुसरें कांहीं दाखविण्यास नाहीं म्हणून स्वदेशीं कळविलें होतें, त्याच मनुष्याचे हे शब्द आहेत. आमच्या मंडळींत कोणी शोकानें असा मुका झाला तर त्याचा विश्वास गेला असें आम्ही फार लवकर बोलूं लागतों. जडसनसाहेबांचा गेला नव्हता. १८३० सालीं ते नदीवरील प्रोम शहरीं उपदेशास गेले, आणि तेथून विन्मुख परतले. १८३१ च्या मोठ्या जत्रेंत मात्र रंगूनला लोक दुरून येऊन पत्रिका मागूं लागले. जवळजवळ दहा हजार पत्रिका त्यांनीं मागणाऱ्यांस दिल्या.

आणि फळ आलें तें भलत्याच शेतांत. साहेब ब्रह्मी लोकांची वाट पाहत होते; देवानें डोंगरांतील करेन लोक पुढें केले, ज्यांना ब्रह्मी लोक तुच्छ लेखीत. को था ब्यू हा करेन जातीचा एक मनुष्य, पूर्वींचा दरोडेखोर आणि खुनी, कर्जापायीं गुलाम झाला होता. मंडळींतील एका ब्रह्मी बंधूनें कर्ज फेडून त्याला सोडविलें. तो रागीट, शिकण्यास जड. त्याच्यावर साहेबांनीं पुष्कळ दिवस मेहनत घेतली. १८२८ च्या मे महिन्यांत तव्हाय येथें बोर्डमनसाहेबांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. तो आपल्या लोकांत डोंगरोडोंगरीं फिरला, आणि १८४० मध्यें तो मेला तेव्हां करेन ख्रिस्ती शेंकड्यांनीं मोजले जात होते. ज्यांच्या वाडवडिलांस गांवाच्या वेशीबाहेर राहावें लागलें त्या आमच्या वाचकांस या गोष्टीचा अर्थ मी समजावून सांगावयास नको.

३१ जानेवारी १८३४ रोजीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें ब्रह्मी भाषांतर संपलें, आणि तें तपासून सुधारण्यांत आणखी कित्येक वर्षें गेलीं. तीच प्रत ब्रह्मदेशांतील मंडळ्या आजही वाचतात. १८३४ त साहेबांनीं बोर्डमनसाहेबांची विधवा सेरा हिच्याशीं विवाह केला. तीही १८४५ मध्यें समुद्रप्रवासांत सेंट हेलेना बेटाशीं वारली. तेहतीस वर्षांनीं ते स्वदेशीं पोहोंचले तेव्हां घशाच्या विकारानें आवाज इतका बसला होता कीं, ते हळू बोलत आणि शेजारी उभा राहिलेला मनुष्य तें मोठ्यानें सभेस सांगे. १८४६ सालीं तिसरी पत्नी एमिली हिच्यासह ते परत आले आणि इंग्रजी-ब्रह्मी कोश पुरा करण्यास बसले. तें काम १८४९ त संपलें.

पुढल्या वर्षीं प्रकृति फार बिघडली. समुद्राची हवा मानवेल म्हणून त्यांना मौलमीन बंदरांत एका फ्रेंच जहाजावर चढविलें. एमिलीबाईचे दिवस भरत आले होते, तिला बरोबर जातां आलें नाहीं. १२ एप्रिल १८५० रोजीं बंगालच्या उपसागरांत जडसनसाहेबांनीं प्राण सोडला, आणि त्याच सायंकाळीं त्यांचा देह समुद्रांत सोडण्यांत आला. दहा दिवसांनीं इकडे बाईस मूल झालें, तें मृतच. पति जिवंत आहे कीं नाहीं हें तिला ठाऊक नव्हतें. मौलमीनच्या घरीं ती चार महिने जहाजाची वाट पाहत होती. पत्र आलें तें कलकत्त्यावरून, ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस.